खुंट्यावरचे दोन हात

जात्याला खुंटा एकच, पण दळायला बायका बहुधा दोघी बसतात. मधे जाते, समोरासमोर दोघी, आणि खुंट्यावर एकीच्या हाताखाली दुसरीचा हात. एक आई तर दुसरी लेक, एक सासू तर दुसरी सून, नाहीतर थोरली आणि धाकटी जाऊ. थोरलीने मूठमूठ वैरण जात्याच्या तोंडात सोडायची, धाकटीने ओढीला जोर द्यायचा. ओवी उचलते ती थोरली, आणि धाकटी मागून साथ करते. वर्षभरात धाकटीच्या गळ्यात शेकडो ओव्या उतरतात. कुणी शिकवायला बसलेले नसते, कुणी शिकायलाही बसलेले नसते. ज्वारी दळायची असते म्हणून दोघी बसलेल्या असतात. महाराष्ट्राच्या खेड्यांत ओवी एका पिढीकडून दुसरीकडे गेली ती अशी, कामाच्या ओघात.

ही रीत किती जुनी, याचा लेखी पुरावा बाराव्या शतकातला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद सापडते. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे ग्रंथातल्या ओवीला मान मिळण्याच्या कितीतरी आधी ती उखळा-जात्यापाशी नांदत होती, आणि संतांनी ती तिथूनच घेतली असे मानायला जागा आहे. जनाबाईच्या कथेत तर खुद्द विठ्ठल तिच्यासोबत दळू लागतो. खुंट्यावरचा दुसरा हात देवाचा! पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून एक जाते वारकऱ्यांना आजही दाखवतात.

ओवी टिकली ती तिच्या बांधणीमुळे. कागदावर ती जेमतेम दोन ओळींची दिसते. गाताना मात्र तिचे तुकडे पडतात, एकेक तुकडा पुन्हा घोळला जातो, मधेमधे सयांना, बाईला हाक येते, आणि जात्याच्या फेऱ्यावर ती ऐसपैस पसरते. यमक घट्ट असते, त्यामुळे पहिली ओळ आठवली की दुसरी मागोमाग येते. आणि मधल्या जागा मोकळ्या असतात. भावाचे नाव, लेकाचे नाव, माहेरच्या गावाचे, नदीचे नाव ज्या त्या बाईने आपापले भरायचे. आईच्या ओवीत मामाचे नाव होते, तिथे लेक स्वतःच्या भावाचे नाव घालते आणि ओवी तिची होऊन जाते. म्हणूनच या ओव्यांना कर्ता नाही. असलाच तर तो असंख्य बायकांचा मिळून एक आहे. पाठांतरापेक्षा हे हस्तांतर वेगळे आहे. पाठांतरात शब्द बदलला तर चूक ठरते. इथे शब्द बदलणे हाच गाणारीचा हक्क.

विषयही जात्यावर बसणाऱ्या बाईच्या आयुष्याएवढे. आईची माया, भाऊबीज, सासुरवास, लेकीचे लग्न, नवऱ्याचे दारूपान, शेतातला पाऊस, पंढरीची वाट. सीतेच्या वनवासावर तर ओव्यांची रासच आहे. रामायणातली सीता या ओव्यांत जवळजवळ शेजारीण होते: तिला सासुरवास आहे, तिच्यावर आळ आहे, आणि रामाला थेट जाब विचारायला गाणाऱ्या बाया कचरत नाहीत. घरात चारचौघांसमोर जे बोलायची सोय नाही, ते पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीआड, सीतेच्या नावाने बोलता येते. ऐकणारी असते ती समोर बसलेली. लेकीला आईच्या मनातले पहिल्यांदा कळले ते पुष्कळदा असेच.

मग गावोगाव पिठाची गिरणी आली. दळण हे अंगमोडीचे काम. कोंबडा आरवायच्या आत उठायचे, घरादाराला पुरेल एवढे पीठ काढायचे, नंतर पाणी, चूल आणि शेत. गिरणीच्या पट्ट्याचा आवाज ऐकून जात्यासाठी कुणा बाईच्या डोळ्यांत पाणी आले असेल, असे वाटत नाही. शहरी लेखनात जात्याविषयी जो उमाळा दाटून येतो, तो ज्यांनी कधी दळले नाही त्यांचा असतो. पण गिरणीने कष्ट वाचवले आणि त्यासोबत ती बैठकही मोडली. गिरणीच्या रांगेत डबा ठेवून बाई गप्पा मारते, गात नाही. गायला लय लागते, लयीला हात लागतो, आणि हाताला खुंटा. जाती अंगणात, गोठ्यात, भिंतीच्या कडेला पडून राहिली. त्यांना टाकी लावायला येणाऱ्या टकाऱ्यांचे, पाथरवटांचे कामही बसले. ओव्या मात्र म्हाताऱ्यांच्या डोक्यात तशाच राहिल्या, कुणी समोर बसले तर बाहेर येणाऱ्या.

सुशिक्षित महाराष्ट्राचे या धनाकडे लक्ष तसे उशिरा गेले, पण गेले. साने गुरुजींनी बायकांकडून ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. काका कालेलकर आणि वामन चोरघडे यांनी ‘साहित्याचे मूलधन’ काढले, कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांचा अभ्यास मांडला, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीमार्फत खंडामागून खंड प्रसिद्ध केले, आणि इंदिरा संतांनी ‘मालनगाथा’त ओवी रचणाऱ्या अनाम मालनींशी एका कवयित्रीने करावा तसा संवाद केला. ही कामे मोलाचीच. पण ती छापील होती. छापताना चाल गेली, गाणारीचा आवाज गेला, आणि बहुतेक ठिकाणी तिचे नावगावही गेले. ओवी पुस्तकात शिरली आणि वाचणाऱ्यांची झाली. ती ज्यांची होती त्यांच्या नातींकडे पुस्तक पोहोचलेच नाही.

पुण्याच्या पश्चिमेला मुळशीच्या डोंगराळ भागात ऐंशीच्या दशकात जे सुरू झाले, ते या दृष्टीने वेगळे होते. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पुढे भारताचे नागरिक झालेले गी पॉइटवाँ हे दोघे समाजशास्त्राचे अभ्यासक. त्या भागातल्या गरीब डोंगरी संघटनेत ते काम करत होते, आणि पुण्यात त्यांनी सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस ही संस्था उभारली होती. लोकगीते जमवावीत असा त्यांचा मूळ बेत नव्हता. खेड्यातल्या बायका स्वतःच्या जगण्याविषयी काय विचार करतात, हे त्यांना समजून घ्यायचे होते. सभेत ‘बाईचे प्रश्न’ विचारले की बायका पदर तोंडाशी धरून गप्प बसतात, हा कार्यकर्त्यांचा सगळीकडचा अनुभव. त्याच बायका ओवी म्हणू लागल्या की सारे काही सांगून टाकतात. प्रश्नावलीपेक्षा ओवी जास्त बोलकी निघाली.

ओव्या गोळा करायला त्यांनी बाहेरून संशोधक आणले नाहीत, हे या प्रकल्पाचे मर्म म्हणावे लागेल. संघटनेतल्या कार्यकर्त्या बाया स्वतःच दळणाऱ्या घरांतल्या होत्या. त्या आपल्या गावात, नात्यागोत्यात, शेजारच्या वाडीत जाऊन बसल्या. विचारणारीला स्वतःला चार ओव्या येत असल्या की समोरच्या म्हातारीची भीड चेपते. एक ओवी म्हटली की ‘ती अशी नाही, अशी आहे’ म्हणत ती सरसावते. तिथून पुढे थांबवणे कठीण. असेही दिसून आले की नुसते बसवून ‘म्हणा’ म्हटले तर आठवत नाही, पण जाते मांडून खुंट्याला हात लावला की ओव्या आपोआप येतात. स्मरणशक्ती डोक्यात असते हे खरे, पण ओवीपुरती ती मनगटातही असते.

मुळशीतून हे काम हळूहळू महाराष्ट्रभर पसरले. हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायकांकडून एक लाखापेक्षा जास्त ओव्या नोंदल्या गेल्या. नव्वदच्या दशकात संगणक आणि संगीत या दोन्हींचे जाणकार बर्नार्ड बेल हे फ्रेंच अभ्यासक सामील झाले, आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण तयार झाले. प्रत्येक ओवीला क्रमांक, गाणारीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, आणि विषयानुसार वर्गवारी. कंटाळवाणे वाटावे असे हे काम. पण यामुळेच एखादीला आज आपल्या आजोळच्या गावातल्या ओव्या शोधता येतात, किंवा भावावरच्या ओव्या कोकणाकडे कशा आणि मराठवाड्यात कशा, हे पडताळून बघता येते. चाली गावागणिक, कधी घरागणिक बदलतात, हेही आता नुसते ऐकीव न राहता कानाने तपासता येते. या सामग्रीवर ‘इंडियन पेझंट विमेन स्पीक अप’ यांसारखी इंग्रजी पुस्तके निघाली. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. संग्रह मागे राहिला.

या संग्रहातला सर्वात बोलका भाग मराठवाड्यातला. बीड जिल्ह्यात माजलगावची भीमनगर वस्ती आहे. १९९६ साली तिथल्या बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या म्हटल्या. भीमराव, रमाबाई, बौद्ध धम्म, शिक्षण, हे सारे ओवीच्या जुन्या बांधणीत चपखल बसले होते. जिथे विठ्ठल होता तिथे भीम आला. जिथे पंढरी होती तिथे दीक्षाभूमी. धर्मांतर १९५६ चे. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत, पुस्तके न वाचलेल्या बायकांनी एक संपूर्ण इतिहास जात्यावर रचून लेकी-सुनांच्या गळ्यात उतरवला होता. लोककला म्हणजे जुने, गोठलेले, हरवत चाललेले काहीतरी, ही समजूत या ओव्यांपुढे टिकत नाही. जोवर गाणारी जिवंत आणि तिच्यासमोर ऐकणारी बसलेली, तोवर ओवी नवीनच राहते.

पुढचा टप्पा ओव्या परत नेण्याचा. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, म्हणजे ‘पारी’ने हा संग्रह हाती घेतला आणि ८ मार्च २०१७ पासून तो टप्प्याटप्प्याने लोकांसमोर मांडायला सुरुवात केली. मराठी ओवी, तिचा अनुवाद, मूळ आवाज, आणि जमेल तिथे गाणारीचे छायाचित्र व चित्रफीत. त्यासाठी ‘पारी’चा गट पुन्हा त्या गावांत गेला. वीस-बावीस वर्षे उलटून गेली होती. काही गाणाऱ्या भेटल्या, थकलेल्या, पण ओवी विसरलेल्या नव्हत्या. काही नव्हत्या, त्यांची लेकरे, सुना, नातवंडे भेटली. ज्या घरात आजीचा फोटोसुद्धा एखादाच असेल, त्या घरात तिचा आवाज परत आला. नातीला तो कदाचित जुनाट वाटला असेल, सगळे शब्दही कळले नसतील. पण आपली आजी नुसती दळणारी नव्हती, रचणारीही होती, हे तिला कळण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता.

ओवीच्या संग्रहाने आवाज जपला. जी कला हाताने बनते, तिच्याबाबतीत घडते ते निराळे, आणि कधीकधी गुंतागुंतीचे. वारली चित्रे पाहावीत. पालघर-डहाणूकडे वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक लिहिला जातो. मधे पालघट देवी, भोवती चौकट, आणि चित्र काढण्याचा मान सवासिनींचा. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, लग्नाची गाणी म्हणते. चौक लिहिताना पोरी हाताशी असत, तांदळाचे पीठ कालवून देत, आणि बघताबघता शिकत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी ही चित्रे कागदावर काढवून घेतली आणि ती बाहेरच्या जगापुढे आली. गंजाडचे जिव्या सोमा मशे या चित्रकलेचे सर्वात मोठे नाव ठरले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्यामागून तरुणांची रांग लागली आणि अनेक घरांना रोजगार मिळाला, यात शंका नाही. पण कागदावर आल्यावर कुंचला बायकांच्या हातून मोठ्या प्रमाणात पुरुषांच्या हाती गेला, आणि लग्नघराची भिंत सोडून चित्र दुकानात गेले. आता ते साड्यांवर आणि चहाच्या कपांवरही दिसते. कला टिकली का? टिकली. ज्या बैठकीत ती आईकडून लेकीकडे जात होती ती टिकली का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर तितके सुखाचे नाही.

सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने वेगळी वाट काढली. चित्रकथी ही त्यांची पिढीजात कला: रामायण-महाभारतातल्या प्रसंगांच्या चित्रांची पोथी पुढे मांडायची, एकेक चित्र उचलून दाखवायचे, आणि त्यासोबत कथा गायची. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही त्यांचाच. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय गेला, सिनेमा आला, टीव्ही आला, आणि खेळाला बोलावणी कमी झाली. जुन्या पोथ्यांची चित्रे हौशी संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत गेली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही ती पाहायला मिळतात. अशा वेळी परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये स्वतःच्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ उभे राहिले. तिथे वस्तू काचेआड ठेवून भागत नाही. खेळ होतात, बाहुली नाचवून दाखवली जाते, आणि हे करणारे घरचेच, पुढच्या पिढीतले. गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पाहुण्यांची वर्दळ हा त्यातला दिखाऊ भाग. खरा भाग असा की घरातल्या मुलाला दोरी कशी ओढायची हे शिकायला रोज कारण मिळते. जात्यापाशी जे काम दळणाने केले, तेच इथे प्रेक्षक करतात.

बैठक मोडलीच नाही अशीही ठिकाणे आहेत, आणि तिथे प्रकल्पाची गरजही भासत नाही. गोव्यातले धालो हे त्याचे उदाहरण. पौषातल्या चांदण्या रात्री गावातल्या बायका मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या जागेवर जमतात, दोन रांगा करून समोरासमोर उभ्या राहतात, आणि पुढेमागे पावले टाकत गातात. गाणी कोंकणी आणि मराठीच्या सीमेवर मोकळेपणाने वावरतात. म्हातारी उचलते, बाकीच्या झेलतात, लहान पोरी रांगेच्या टोकाला उभ्या राहून पावले बघतात. शेवटच्या रात्री सोंगे निघतात. मांड पवित्र मानला जातो, दिवस ठरलेले असतात, आणि यावर्षी नको असे म्हणायची सोय नसते. ओवीला असा मांड नव्हता. तिला होते फक्त पोट. पोटाची सोय दुसरीकडे झाली आणि ती उघडी पडली.

जागतिक पातळीवरही याचा विचार झाला आहे. युनेस्कोने २००३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाचा करार केला आणि भारताने २००५ मध्ये त्याला मान्यता दिली. वस्तू आणि वास्तू यांच्याइतकेच मोल गाणे, विधी, हातकाम आणि त्यामागचे ज्ञान यांना आहे, आणि तो वारसा पिढीकडून पिढीकडे जात राहिला तरच वारसा, अशी त्यामागची भूमिका. युनेस्कोच्या यादीत नाव लागणे हा मान खरा, पण यादी कुणाला गायला शिकवत नाही. शाळांमधले ‘लोककला दिवस’ही बहुधा याच कारणाने फसतात. मुलांना नऊवारी नेसवून, प्लास्टिकच्या जात्याभोवती फिरवून, ध्वनिमुद्रित गाण्यावर नाचवले जाते. गावातली जी बाई ते खरोखर गाऊ शकली असती तिला पाहुणी म्हणूनही कुणी बोलावत नाही. तिला बोलावून, खरे जाते मांडून, दोन मुलींचे हात खुंट्यावर ठेवले तर पंधरा मिनिटांत जे घडेल ते रंगीत तालमीच्या महिन्यात घडत नाही. त्यासाठी निधी लागत नाही. एक जाते लागते आणि एक आजी.

जात्याचे एक स्थान अजून पक्के आहे. लग्नघरी मुहूर्ताला जाते धुऊन पुसून मांडतात, त्याला हळद-कुंकू वाहतात, आणि नवरदेवाची किंवा नवरीची हळद त्यावर दळतात. सवासिनी खुंट्याला हात लावतात, फोटो निघतात, मोबाइलवर गाणे लागते. मग कुणीतरी म्हणते, एखादी ओवी म्हणा की. घोळक्यातल्या तरुण मुली एकमेकींकडे बघून हसतात, आणि सगळ्यांच्या माना मागे भिंतीला टेकून बसलेल्या आजीकडे वळतात.

तो क्षण टिपून ठेवायला हातातला मोबाइल पुरेसा आहे. मात्र आधी तिला विचारावे. गाणे तिचे आहे, ते कुणाला ऐकवायचे हेही तिनेच ठरवायचे. सोबत चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: तिचे पूर्ण नाव, माहेरचे आणि सासरचे गाव, तारीख, आणि ती ओवी तिने कुणाकडून ऐकली. नावाशिवाय जमवलेली ओवी पुन्हा अनाथ होते. शब्द आपल्याला ‘चुकीचा’ वाटला तरी सुधारू नये. एक प्रत घरच्यांकडे द्यावी. आणि जाते समोर असेल तर आजीला एकटीला ओढू देऊ नये, समोर बसून खुंट्याला हात लावावा.